लाखेतला याकूब

रविवारी खेळणीघरात, जुन्या खेळण्यांच्या त्या संग्रहालयात, पाय ठेवायला जागा नसायची. गंमत म्हणजे माणसं खेळणी बघायची नाहीत, ऐकायची. काचेला कान लावून ओणवी उभी. लांबून वाटावं, कपाटं आणि माणसं मिळून कुणाची तरी चहाडी करतायत.

आणि चालायचं ते तसंच. लाकडी खेळणं लेथवर फिरतं तेव्हा कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाने लाख वितळते, लाकडावर बसते, गार होते. ती गार होईपर्यंत कारखान्यात कुणी बोललं, खोकलं, हसलं, की ओली लाख थरथरते आणि ती थरथर तशीच गोठून राहते. पूर्वी ती वाचायची सोय नव्हती. मग लाखवाचक आला. यंत्र केवढं, तर पोळ्यांच्या डब्याएवढं. खेळणं आत ठेवायचं, उजेडाची बारीक सुई त्याच्यावरून फिरते, आणि गेलेली माणसं बोलायला लागतात.

सुरुवातीला नुसती धमाल झाली. एका भोवऱ्यातून कारागीर आपल्या जावयाला शिव्या घालताना सापडला, आणि त्या जावयाचा नातू तिथेच तिकीट काढून उभा. तो तणतणत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खानदानाला घेऊन आला, ऐकवायला. खेळण्यातल्या एका पोळपाटातून बोंबील महागल्याची तक्रार इतकी खणखणीत यायची की मांजरं दारात येऊन बसायची. आता मांजरांचं खरंखोटं मांजरांनाच विचारा.

पण मधल्या मोठ्या कपाटातला सलाम्या अजून कुणी वाचला नव्हता.

सलाम्या म्हणजे वीतभर उंचीचा काळाकुळकुळीत बाहुला. ओठ लालभडक आणि डोळ्यांपेक्षा मोठे, डोक्यावर लाल टोपी. पाठीची दोरी ओढली की कमरेतून वाकून सलाम करायचा. किनाऱ्यावरच्या घराघरात एके काळी तो होता. पोरं दोरी ओढत म्हणायची,

सलाम्या सलाम्या, कंबर मोड,
काळ्या तोंडात पेढा गोड.

झुलेखा सिद्दी एका सकाळी आईला हाताला धरून आली ती थेट त्या कपाटापुढे. झुलेखा खाडीत प्रवाशांची लाँच चालवायची. बोलणंही इंजिनावरून ओरडायची सवय असल्यासारखं.

"मॅडम, हे कपाट रिकामं करा."

खेळणीघर सांभाळणारी हेमांगी मोकळ पुढे आली. "झुलेखाताई, बसा तरी. माझ्याकडेही होता हा. ताप आला की उशाशी घेऊन झोपायचे. कुणाला हिणवायला नव्हता घेतला हो."

"तुमच्या उशाशी असेल. आम्हा सिद्दी पोरांच्या पाठीमागे असायचा. शाळा सुटली की पोरं घरापर्यंत ते गाणं म्हणत यायची. मी वळून दगड मारायचे, तर शिक्षा मलाच. माझ्या उंबऱ्याच्या आत हा कधी आलेला नाही, येणारही नाही."

"भांडू नका गं," आई म्हणाली. अमीनाबी नव्वदीला टेकल्या होत्या. "आधी त्याला बोलता करा. जनू मेस्त्रीच्या कारखान्यात लेथची दोरी माझा अब्बा ओढायचा. याकूब. मी रांगत होते तेव्हा गलबतावर गेला, तो गेलाच. ना फोटो, ना कबर. आवाज निघाला तर ऐकीन म्हणते."

हेमांगीने सलाम्या लाखवाचकाच्या डब्यात ठेवला. आधी नुसती घरघर. मग जनू मेस्त्रीचा करडा आवाज.

"वाक रे याकूब. आणखी वाक. आणि ओठ काढ बाहेर."

"मेस्त्री, असा मी कुठे दिसतो?"

"हा बघ बूटपॉलिशचा डबा, विलायतेचा. ह्याच्यावरचा हबशी दिसतो ना, तसं तू दिसायचं. गिऱ्हाइकाला तेच हवंय. हस आता."

मग याकूब हसला. हा, हा, हा. मोजून दिल्यासारखं.

झुलेखाने तोंड फिरवलं. अमीनाबी मात्र डब्याकडे झुकल्या. "सर्दी झालीय त्याला," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव बाय."

आवाजाची एक प्रत हेमांगीने झुलेखाच्या फोनवर घालून दिली. मग म्हणाली, "कपाट रिकामं केलं तर लोक म्हणतील, गोड बाहुला होता, उगाच काढला. राहू दे. फक्त आवाजासकट राहू दे. ऐकल्यावर कुणाची हिंमत होईल दोरी ओढायची?"

झुलेखा आईकडे बघून हो म्हणाली. शहाण्या बायकासुद्धा कधीकधी माणसांबद्दल फार चांगलं समजून चालतात.

पहिले काही दिवस लोक खरंच गप्प व्हायचे. एक आजोबा डोळे पुसत बाहेर गेले. मग एक दुसरे आजोबा आले, त्यांनीही डोळे पुसले, पण म्हणाले, "अगदी आमचा सलाम्या हो. काय दिवस होते." त्यांच्या नातवाने काचेसमोर कंबर वाकवली आणि त्याच्या आईने व्हिडिओ काढला. "हस," आई म्हणाली. हा, हा, हा.

त्यानंतर रांग गेटाबाहेर गेली. याकूबचं हसू लोकांच्या फोनवर वाजायला लागलं. लग्नाच्या वरातीत वाजलं. माळ्यावरचे सलाम्ये खाली आले, धूळ पुसून दिवाणखान्यात बसले. खेळणीघराचे अध्यक्ष गुप्तेसाहेब इतके खूश की पलीकडच्या शेडमध्ये त्यांनी नवे सलाम्ये बनवायला घेतले. पोटात आवाज भरलेले. दोरी ओढली की वाकणार आणि हसणार.

हेमांगीने कपाटावर पाटी लावली. खाली याकूबचं नाव, जनू मेस्त्रीचं वागणं, पॉलिशच्या डब्याची हकीकत, सगळं. लोक त्या पाटीला टेकून फोटो काढायचे.

"बंद करा हे," ती गुप्त्यांना म्हणाली.

"अहो, इतिहास आहे. तुम्हीच म्हणालात ना, लपवू नये?"

झुलेखाच्या लाँचवर एका प्रवाशाने हसत हसत तिला दोरी ओढल्याची खूण केली. तिने लाँच खाडीच्या मध्यावर उभी केली. माफी मागेपर्यंत हलवली नाही. त्याने मागितली. धक्क्यावर उतरला आणि पाठीमागून हा, हा, हा.

इकडे अमीनाबी दर शुक्रवारी खेळणीघरात येऊन बसायच्या. हसणाऱ्या घोळक्यात, स्टुलावर, काचेला कान लावून.

"अम्मी, फोनवर आहे ना तो आवाज? घरी ऐक."

"फोनवर आवाज आहे गं. त्याचा श्वास इथे लागलाय, ह्या लाखेला."

आणि मग हेमांगीला एक गोष्ट कळली. काळ्या लाखेच्या खाली तपकिरी लाखेचा पहिला हात होता. सुई तिथपर्यंत पोचत नव्हती, पण थरथर तिथेही असणार. ती वाचायची तर वरची काळी लाख तापवून उतरवावी लागणार. म्हणजे चेहराच जाणार.

गुप्ते म्हणाले, "वेड लागलंय का? पहिला बनवलेला सलाम्या आहे तो. लोकांचं बालपण आहे."

सोमवारी खेळणीघर बंद असतं. हेमांगीने दोघींना मागच्या दाराने आत घेतलं. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. कशासाठी, एवढंच अजून माहीत नव्हतं.

बेताच्या गरम हवेने वरची लाख सुटायला लागली. आधी डोळे ओघळले, मग ओठ. लाल-काळी धार टेबलावर आली. झुलेखा एकटक बघत होती. तिचे दात आवळलेले होते आणि हात आईच्या खांद्यावर.

मग सुई फिरली. दोरीची करकर, धापा टाकणारा माणूस. बोलला तो याकूबच. हलक्या आवाजात, कुणी रागावू नये अशा बेताने.

"मेस्त्री, हा बिघडला तर मला द्याल? माझी अमीना रांगते आता. तिला खेळायला काही नाही घरात. मी गलबतावर गेलो की हा दाखवून सांगतील तिला, हा तुझा बाप."

मेस्त्री काय म्हणाला ते लाखेत नव्हतं. करकर चालू राहिली आणि संपली.

भिंतीपलीकडच्या शेडमध्ये नवे सलाम्ये खोक्यात घालण्याआधी तपासत होते. एकामागून एक हसत होते.

अमीनाबींनी बाहुला उचलला. तोंड नाही, नाक नाही, नुसती गुळगुळीत, कोमट तपकिरी लाख. त्यांनी तो पदरात घेतला, लहान पोराला घेतात तसा.

"बाय, हा माझ्यासाठी मागितला होता," त्या हेमांगीला म्हणाल्या. "नेऊ का?"

हेमांगीने मान डोलावली.

अमीनाबी दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या आणि मागे वळून लेकीकडे बघितलं.

"झुले, आपल्या घरात ह्याला कुठे ठेवायचा गं?"