डावीकडची जाळी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. नाक्यावरच्या बंद दुकानाच्या काचेआड एक घड्याळ चालू राहिलं होतं, त्यात मी बघितलं. कर्फ्यू तीन ते पाच उठवला होता आणि पाचच्या आत घरात परतायचं होतं, म्हणून ती वेळ डोक्यात पक्की बसली. साल छप्पन, महिना जानेवारी.

माझी कमल तेव्हा पाच महिन्यांची. दोन दिवस तिची छाती घरघरत होती. तान्ह्या पोरीला शेक द्यायचा तर शेगडी पाहिजे, आणि शेगडीला कोळसा. लालबागमधली वखार बंद, दवाखाना बंद. शेजारच्या जाईबाईने आपल्या डब्यातले उरलेसुरले कोळसे दिले, ते सकाळीच विझले. दुपारी कमल दूध ओढेना. ओठांची कड निळसर दिसायला लागली, तशी मी तिला पदरात गुंडाळलं, फडक्यात दोन भाकऱ्या बांधल्या आणि रे रोडला निघाले. तिथे लाकडाच्या वखारींमागे गणपत मिस्त्रींची मोटारीची शेड. आमचे हे तिथे कामाला, आणि कर्फ्यूमुळे दोन दिवस तिथेच अडकलेले.

रस्ता पायाखालचा, पण त्या दिवशी परका वाटला. भिंतींवर डांबराने लिहिलेलं ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’, खाली काचांचा चुरा, आणि गिरण्या गप्प. भर दुपारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिच्यात कमलचा श्वास तेवढा शिट्टीसारखा वाजत होता.

यांनी पोरीच्या ओठांकडे एकदाच बघितलं. म्हणाले, “कोळसो हयसर पण नाय. गाडीत बस, हीटर लावतंय.”

शेडमध्ये एकच गाडी होती, करड्या रंगाची, विलायती. मुंबईत हीटर कुणाला लागतो? पण कुणा शेठने ती नुकतीच विकत घेतली होती, आणि त्याला ती घाटावर थंडीत न्यायची होती. यांनी मला नंतर किती वेळा सांगितलं, म्हणून मला कळतं. इंजिनाचं गरम पाणी नळ्यांतून एका पेटीत येतं, पंखा त्यावरून वारा ढकलतो, आणि तो दोन जाळ्यांतून बाहेर पडतो, एक चालवणाऱ्यापुढे, एक डावीकडे. या गाडीची उजवी जाळी गरम, डावी गार. यांनी पेटी धुतली, नळ्यांत अडकलेली हवा काढली, झडपेची तार बदलली. पेटी तर दोन्ही टोकांना सारखीच तापत होती. जाळीच्या आत बोट घातलं की चटका बसायचा. बाहेर तळवा धरला की गार.

मी डावीकडे बसले. हे स्टिअरिंगच्या चाकापाशी. पेडलवरचा पाय उचलला की इंजिन बंद पडायचं, म्हणून यांना तिथून हलता येईना, आणि त्या चाकाच्या फटीत पोर धरता येईना.

“गरम येता काय गो?”

“नाय... थंडच.”

नुसतं थंड नव्हतं ते. विहिरीत वाकून बघितल्यावर तोंडाला लागतं तसं. आणि वास. गाडीत पेट्रोलचा वास असणारच, पण त्याच्याखाली ओल्या लोकरीचा, आणि चोळीत आंबलेल्या दुधाचा. मला आधी वाटलं, माझाच.

वारा बघायला यांनी दोन्ही जाळ्यांना सुताचा एकेक धागा बांधला होता. उजवा सरळ उडत होता. डावा दाराच्या बाजूला वळत होता. थांबत होता, पुन्हा उडत होता. कुणी त्याच्यापुढे तळवा धरावा, काढावा, परत धरावा, तसा.

मी बघत राहिले. ती लय मी ओळखली. दोन दिवस मी तेच करत होते. तळवा विस्तवावर, मग छातीवर. विस्तवावर, छातीवर.

माझ्या आणि दाराच्या मध्ये वीतभर जागा होती.

आता कुणी म्हणेल, ओरडून पळायचं. पण माझी पोर निळी पडत होती. आमच्या चाळीत एका शेगडीवर दोघीतिघी बाळंतिणी शेकायला बसतात. जिचं पोर जास्त आजारी तिने मागायचं, दुसरीने नाही म्हणायचं नाही. आणि जिने घेतलं तिने मग सरकून पहिलीला द्यायचं. तेवढंच मला सुचलं. मी दाराकडे न बघता हळू बोलले, “बाय, जरा सरक. माझा चेडू जाता गो... थोडा वेळ दे, मगे तू घे.”

“कोणाशी बोलतंस?” हे म्हणाले.

धागा सरळ झाला होता.

असा ऊबदार वारा आला की माझे डोळे भरले. मी तळवे तापवले, कमलच्या छातीला लावले, पाठीला लावले. किती वेळ, ठाऊक नाही. तिच्या नाकातून शेंबूड आला, मग ती रडली, मग अंगावर प्यायली. ओठ लाल झाले.

तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा पुकारत आला, साडेचार वाजले, घराकडे निघा. यांनी पाय काढला. इंजिन थांबलं, पंखा फिरत फिरत थांबला. आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं. दाराच्या बाजूला. बारीक, घरघरतं, तान्ह्या पोराचं.

यांनी कमलकडे बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

“ती खोकली?”

“नाय...”

मी म्हटलं, “पाच मिनिटं चालू करा. मी शब्द दिलाय.” यांचा चेहरा पांढरा पडला होता. हात धरून मला बाहेर ओढलं, आणि आम्ही तिघं घराकडे धावत सुटलो.

कर्फ्यू उठल्यावर मिस्त्रींनी गाडी सुरू करून बघितली. दोन्ही जाळ्या सारख्या गरम. त्यांनी यांची पाठ थोपटली, लवू, दोष काढलास रे बाबा. शेठ गाडी घेऊन गेला. हे घरी आले आणि जेवले नाहीत.

कमल आता तिसऱ्या वर्षात आहे, जिन्यावरून धावते. तिला बघितलं की मला बरं वाटतं, आणि मग तो खोकला आठवतो. आता त्या डाव्या जाळीवर ऊब कुणीच घेत नाही. का घेत नाही, ह्याचा मी विचार करायला जाते आणि अर्ध्यातून उठते.

शेठचं नाव मला ठाऊक नाही. करडी गाडी, डावीकडची बैठक बाकीच्यांपेक्षा नवी शिवलेली. कुणाला दिसली तर त्याला माझा निरोप द्या. घाटावर जाताना डावीकडची जागा रिकामी ठेवा, हीटर चालू ठेवा, आणि तळवा धरून बघा. आणि ती जाळी पुन्हा गार लागली, तर लालबागला मला, मालनला, कळवा. रात्री-अपरात्री कळवलंत तरी चालेल.