थांबाकाकांचा फोन लागत नाही

'अपडेट पूर्ण होईपर्यंत फोन बंद करू नका.'

पडद्यावर इतकं स्वच्छ लिहिलं होतं. पण जिची एवढीशी मुलगी घरी आजीजवळ आहे आणि जी ऑफिसात बसून तासातासाला 'जेवली का, झोपली का, पडली तर नाही ना' असं विचारत असते, त्या बाईला असल्या सूचना वाचायला सवड कुठली! निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती... सरकत होती... आणि मग थांबलीच. माझा धीर सुटला. बाजूचं बटण दाबून धरलं, फोन बंद केला, पुन्हा चालू केला. कंपनीचं चिन्ह उगवलं आणि मावळलं. पुन्हा उगवलं, पुन्हा मावळलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सर्व्हिस सेंटर गाठलं. माझं टोकन आलं तेव्हा काचेपलीकडे तो बसला होता. बाह्या दुमडलेल्या, केस कपाळावर, समोर निळी रबरी चटई आणि तिच्यावर एका उघड्या फोनचे बारीक बारीक स्क्रू ओळीने मांडलेले.

"अपडेट अडकलंय?" त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं.

"हो."

"किती वेळा बंद-चालू केलंत?"

"एक-दोनदा."

आता मात्र त्याने मान वर केली. भुवयाही वर केल्या.

"बरं... दहाएकदा," मी म्हटलं.

"म्हणजे वीस."

"तुम्ही दुरुस्तीवाले आहात की पोलीस?"

तो हसला. असं हसू, जे आधी डोळ्यांत येतं आणि ओठांपर्यंत पोचायला वेळ घेतं. त्याने फोनकडे हात नेला आणि मी तो घट्ट धरून ठेवला.

"सगळं पुसून टाकणार नाही ना? नाही म्हणजे... यात माझ्या मुलीचं पहिलं पाऊल आहे. पहिलं रांगणं, पहिलं बोलणं... आणि मी कुठेच दुसरीकडे ठेवलेलं नाही."

"थांबा," तो म्हणाला. "पुसणं हा शेवटचा उपाय. लोक तोच पहिला करतात. नवं अपडेट अर्धंच बसलंय, जुनं अर्धंच उठलंय. दोघं एकाच खुर्चीवर भांडतायत. आपण जुन्याला खाली बसवू, नव्याला पुन्हा नीट बोलावू. तुमच्या मुलीच्या पावलांना धक्काही लागणार नाही. फक्त ही दोन बटणं एकदम दाबून धरा. मी केबल लावतो."

मी धरली. केबल लावताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि माझा अंगठा बटणावरून निसटला.

"थांबा, थांबा... सोडू नका. पुन्हा."

दुसऱ्या खेपेला जमलं. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. थोड्या वेळाने फोन जिवंत झाला, आणि मी त्या काचेसमोर, टोकन घेऊन बसलेल्या सगळ्यांदेखत, मुंगीचं पहिलं पाऊल बघत नाक पुसत उभी राहिले. मुंगी म्हणजे माझी लेक. एका जागी ठरत नाही आणि गोडाशिवाय हलत नाही, म्हणून मुंगी.

पुढे कितीतरी दिवसांनी मला कळलं, की ती दोन बटणं त्याला एका हाताने सहज दाबता येतात.

*

मुंगीचे बाबा ती पोटात असताना परदेशी नोकरीला गेले. आधी रोज फोन, मग आठवड्याने, मग 'इथे रेंज नसते गं', आणि मग वकिलामार्फत घटस्फोटाचा निरोप. तेव्हापासून कुणाचा फोन लागला नाही की मी वाईटच धरून चालते. माणसं भांडून जात नाहीत, ती हळूहळू गप्प होतात, हे मी शिकले होते. त्यामुळे पुन्हा कुणाच्या फोनची वाट बघायची नाही, हेही मनाशी पक्कं केलं होतं.

पण आईचा फोन बिघडला, त्याला मी काय करणार?

"तुझ्याच त्या सेंटरात ने," आई म्हणाली. "परवापासून सारखं 'जागा नाही, जागा नाही' म्हणतोय मेला. अपडेट होत नाही."

या वेळी मुंगी बरोबर होती. त्याने आईचा फोन उघडला आणि गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढे धरला. गुलाब, कमळं, सूर्योदय, वाफाळते कप. शेकडो सुप्रभात.

"आईंना रोज इतकी माणसं शुभेच्छा देतात?"

"एकच मैत्रीण आहे. निवृत्त झाल्यापासून तिला दुसरं काम नाही."

"मग अपडेटला जागा कुठून मिळणार! थांबा, थोडे सूर्य मावळवतो."

मुंगी काचेला नाक लावून उभी होती. "तू सारखं थांबा थांबा का म्हणतोस?"

"मुंगे, काकांना तू नाही म्हणायचं," मी दटावलं.

"थांबाकाका," तिने लगेच बारसं करून टाकलं. टोकन देणारी मुलगी तिच्या टेबलामागे खुदकन हसली, आणि त्या दिवसापासून साऱ्या सेंटरात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

मग फोन बिघडायचे थांबले तरी आमच्या भेटी थांबल्या नाहीत. सेंटरच्या मागे एक छोटी बाग आहे. त्याची जेवणाची सुट्टी आणि माझी ऑफिसची सुट्टी जुळायची... म्हणजे मी जुळवायची. एकदा त्याने आपला फोन बाकावर ठेवला तेव्हा पडद्यावर भलतंच काहीतरी लुकलुकत होतं.

"तुमचाही बिघडला?"

"बिघडवून घेतलाय. नवं अपडेट आधी थोड्याच फोनांवर पाठवतात. काही बोंब झाली नाही, तर मग बाकीच्यांना. त्या पहिल्या थोड्यांत मी माझा फोन घालतो. काय मोडणार ते आधी माझ्यावर मोडू दे. मग गिऱ्हाईक आलं की मला उत्तर ठाऊक असतं."

"एकच फोन आहे ना तुमच्याकडे?"

"एकच."

"आणि बाकीच्या गोष्टीतही असंच? स्वतःला पहिल्यांदा पुढे घालता?"

त्याने चपलेने वाळकं पान उलटं केलं, सुलटं केलं.

"बाकीच्या गोष्टीत... मी शेवटच्या टप्प्यातला माणूस आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचं ठीक झालं की मग माझं."

मी दुसरीकडे बघितलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या त्याला दिसू नयेत म्हणून.

एका सुट्टीच्या दिवशी मुंगी त्याच्या खांद्यावर बसून सगळी बाग फिरली. आपल्या तोंडातलं अर्धं बिस्कीट तिने त्याला भरवलं, आणि त्या शहाण्याने ते खाल्लंही. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर पाण्याचे फोड आले.

कांजिण्या.

ते दिवस तो रोज मेसेज करायचा. 'आज मुंगीचा स्कोअर काय?' मी फोड मोजून कळवायची. 'झोपली का?' 'नाही.' 'तुम्ही?' 'मुळीच नाही.' मग तो काहीतरी वेडगळ गोष्ट सांगायचा, कुणी फोन तांदळाच्या डब्यात पुरून आणला, कुणी देवघरात ठेवून आणला. मी अंग खाजवणारी पोर मांडीवर घेऊन एकटीच हसायची. खपल्या पडल्या, मुंगी पुन्हा धावायला लागली, आणि त्याचा मेसेज आला.

'रविवारी संध्याकाळी बागेत याल? दोघी. एक विचारायचंय. फोनवर नाही.'

*

रविवारी मुंगीला पिवळा फ्रॉक घातला. मी तीन साड्या काढल्या, तिन्ही परत ठेवल्या आणि नेहमीचाच कुर्ता घातला. आई म्हणाली, "पहिलीच बरी होती." मी म्हटलं, "नुसतं बागेत चाललोय." आई म्हणाली, "हो का? मग केस का धुतलेस?"

बागेत आम्ही बसलो. उन्हं उतरली. फुगेवाला आला आणि गेला. मुंगीने प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे मान वळवून पाहिलं आणि दर वेळी विचारलं, "थांबाकाका कुठंय?"

मी फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...' पुढचं ऐकवेना.

सोमवारीही तेच. मंगळवारीही.

"झालं," मी आईला म्हटलं. "सगळे सारखेच. विचारायचं धैर्य झालं नाही, फोन बंद करून बसला."

आई शेंगा सोलत होती. "तुझ्या नवऱ्याचा फोन बंद झाला तेव्हा तुला आधीपासून कळलं होतं. डोळ्यांत दिसत होतं तुझ्या. याच्या बाबतीत काय दिसलं होतं?"

"काही नाही."

"मग जाऊन बघ की."

"मी का जाऊ? मला काही मान-बिन आहे की नाही?"

"मान घरी ठेव. मी सांभाळते, मुंगीबरोबर. तू जा."

दुपारी सेंटरला गेले. त्याच्या खुर्चीवर दुसराच कुणी होता. टोकन देणारी मुलगी मला बघून उठूनच उभी राहिली.

"ताई, तुम्ही! बरं झालं. तो शनिवारपासून आजारी आहे. शेजारच्या मावशींचा फोन आला होता, अंगभर काहीतरी उठलंय म्हणे."

"काय उठलंय?"

"कांजिण्या."

मुंगीचं बिस्कीट!

"पत्ता द्यायचा नियम नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ही औषधाची पिशवी त्याला पोचवायचीय, पत्ता वरच लिहिलाय. मला कांजिण्या अजून झालेल्या नाहीत, भीती वाटते. तुम्ही न्याल?"

बाहेर भुरभुर पाऊस होता. मी छत्री उघडायचीही विसरले.

जुन्या इमारतीचा वरचा मजला. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "पिशवी कडीला अडकवा. आत येऊ नका, लागण होते."

"मला लहानपणीच होऊन गेल्यात."

कडी निघाली.

तो दाराला धरून उभा होता. चेहऱ्यावर फोड, फोडांवर गुलाबी लोशन, केस उभे. मला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू.

"हसा," तो म्हणाला. "स्कोअर विचारू नका... मोजता येत नाही."

टेबलावर त्याचा फोन पडला होता. चिन्ह उगवत होतं, मावळत होतं.

"शनिवारी नवं अपडेट टाकलं आणि ताप चढला. अडकलं. अवजारं सगळी सेंटरवर." तो बोलताना मध्येच थांबत होता. "तुमचा नंबर फोनमध्ये. पाठ आहे असं वाटायचं, पण शेवटचे आकडे आठवेनात. मावशींच्या फोनवरून अंदाजाने लावत बसलो. तीन बायकांनी झापलं... एक म्हणाली, पोलिसात देते."

"सेंटरवर माझा नंबर आहे की!"

"गिऱ्हाइकाचा नंबर स्वतःच्या कामाला काढायचा नाही. नियम आहे."

"आणि मी तिकडे तुम्हाला दोन दिवस शिव्या घालतेय!"

तो हसायला गेला आणि खोकला. हसू ओठांपर्यंत पोचलंच नाही. तेव्हा माझ्यातली प्रेयसी बाजूला झाली आणि मुंगीची आई पुढे आली. मी त्याच्या छातीकडे बघत राहिले. आजारी पोराच्या उशाशी बसून बसून एक गोष्ट येते, श्वास वाचता येतो. याचा श्वास उथळ होता, घाईचा होता. बोलताना वाक्य पुरत नव्हतं.

"चप्पल घाला."

"कशाला? विश्रांती घेतली की—"

"थांबा म्हणू नका. आज मी म्हणणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात."

टॅक्सीत काच खाली करून मी त्याला टेकवून बसवलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, भट्टीसारखं तापलेलं. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. मी आज आले नसते तर? अजून दोन दिवस रुसून बसले असते तर?

"एक विचारायचं होतं," तो पुटपुटला.

"आधी श्वास घ्या."

"घेतो... तुमच्या दोघींच्या घरी... मला कायमचं यायचंय. चालेल?"

एवढ्या तापात, एवढ्या लोशनमध्ये, टॅक्सीवाला आरशातून बघत असताना! मी खूप काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"तू आधी बरा हो," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "मला 'तू' म्हणालीस."

"ऐकलंस ना? मग गप्प बस."

डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "मोठ्या माणसांत या कांजिण्या कधीकधी फुप्फुसापर्यंत जातात. आज आणलंत म्हणून निभावेल. आणखी उशीर केला असता तर मला असं सांगता आलं नसतं." मग मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

तो खाटेवरून माझ्याकडे बघत होता. श्वास लागलेला, आणि तरीही उत्तराची वाट बघणारा.

"मी घरची," मी म्हटलं.

तो बरा झाला. महिन्याभराने एक पेटी, एक टेबलदिवा आणि स्क्रूड्रायव्हरांचा डबा घेऊन आमच्याकडे राहायला आला. आईने त्याला पहिल्याच दिवशी शेंगा सोलायला बसवलं. मुंगी त्याच्या कपाळावरचा एक राहिलेला वण रोज बोटाने दाबून बघते आणि म्हणते, "हा माझा." तो म्हणतो, "तुझाच."

मी अजूनही घाबरट आहे. पण एक सांगते, तुम्ही जे कुणी हे वाचताय त्यांना. तुमच्याही ओळखीचं कुणीतरी असेल, एकटं राहणारं, ज्याचा फोन परवापासून लागत नाही. कदाचित तो रुसला असेल. असू दे, जा आणि समोरासमोर भांडून या. पण 'विसरला असेल' असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. हे वाचून झालं की उठा, जिना चढा आणि दार वाजवा. आतून आवाज यायला वेळ लागला, तर परत फिरू नका. पुन्हा वाजवा.