मागे उभे राहिलेले सर

शाळेच्या दारात बूट काढताना समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला, कोनोमीचा तोल गेला... आणि कुणीतरी तिचा दंड सावरला.

"सांभाळून, बाई! आज तुमचाच तास बघायला आलोय."

तो तोकिवा, बेटावरच्या दुसऱ्या शाळेतला शिक्षक. डोळे असे मिश्कील, की कोनोमी आभार मानायचंही विसरली.

एकमेकांचे तास बघायच्या तिथल्या रीतीप्रमाणे बेटावरचे सगळे शिक्षक वर्गात मागे उभे राहिले. तिने अपूर्णांक शिकवले. नंतर चहा पिताना प्रत्येकाने कौतुक केलं. तोकिवा मात्र म्हणाला, "खिडकीजवळच्या मुलीचा हात अर्धा वर आला होता. तेवढ्यात बाईंनीच उत्तर सांगून टाकलं."

तिने त्याला फाटकापाशी गाठलंच. "सगळ्यांसमोर बोलायलाच हवं होतं?"

"राग आला?"

"आला! कारण... खरं होतं ते."

"मग माझ्या वर्गात या. माझ्या चुका काढा. फिट्टंफाट!"

ती गेली. तास संपल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही फळ्याशीच बोलता. आणि वळलात, की मुलं सोडून भलतीकडेच बघता."

"भलतीकडे म्हणजे?"

कोनोमीने घाईघाईने वही मिटली. कान मात्र लालेलाल!

मग हिवाळाभर, शाळा सुटली की स्टोव्हपाशी बसून दोघं एकमेकांच्या तासांवर वाद घालायची. कधी भांडण, कधी हसू... आणि मध्येच उगाचच चहाचा आणखी एक कप.

फेब्रुवारीत कोनोमीने पुन्हा सगळ्यांसमोर तास घेतला. प्रश्न विचारला, भराभर उत्तरं आली, तरी ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. खिडकीजवळची मुलगी हळूच उठली. "बाई... मला वाटतं, सगळ्यांचंच चुकतंय."

आणि तिचंच बरोबर निघालं! कोनोमीने भरल्या डोळ्यांनी मागे पाहिलं. तोकिवा चष्मा पुसत होता.

मार्चअखेर त्याची बदली झाली. पार पलीकडे, मुख्य भूमीवर.

धक्क्यावर दोन्ही शाळांसकट सगळं गाव लोटलं. निरोपाच्या रीतीप्रमाणे बोटीवरून त्याने सोडलेल्या रंगीत कागदी फितींची टोकं मुलांनी धरली. एक निळी फीत कोनोमीच्या हातात आली. भोंगा वाजला, फिती ताणल्या गेल्या.

"बाई!" तो कठड्यावरून ओरडला. "उन्हाळ्याच्या सुट्टीत येतोय!"

"सुट्टीत कसले तास, सर?"

"तासाला नाही हो... तुम्हाला मागणी घालायला!"

मुलांनी एकच गिल्ला केला. फीत तटकन तुटली.

"मग लवकर या!" कोनोमी जिवाच्या आकांताने ओरडली. आणि आपण सगळ्या गावासमोर काय बोलून बसलो हे कळताच तोंड झाकून हसत सुटली.