घाम फुटलेला पूर्वज

भर दुपारी लाकडी पूर्वजाला घाम फुटला.

दोन्ही हात आभाळाकडे उंचावून पाऊस मागणारा तो म्हातारा. त्याच्या काळ्या कपाळावरून थेंब ओघळले. अंगणात जमलेली माणसं मागे सरली.

"विटाळात शिवलीस याला!" अंबाकाने नावाचा पुजारी गरजला. "दिवस मावळायच्या आत माहेर गाठ. पोर इथंच राहील."

धाकटी सून यापामानं तान्ह्याला छातीशी आवळलं आणि यासेरेला निरोप धाडला. यासेरे कांदे विकायची. पण हरवलेलं शोधण्यात कड्याखालच्या गावांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती आली, सोबत तिचा दीर अतेमे. अंगानं बैल, अकलेनंही.

"वहिनी, पूर्वज कोपलाय. परत फिरू."

"कोपू दे. माझ्या सासूहून जास्त नाही कोपायचा."

तिनं वाकून पाहिलं. मूर्तीच्या डोक्यावर नैवेद्याच्या बाजरीच्या पेजेचे वाळलेले ओघळ होते. सगळे कानांवरून मागे, मानेकडे गेलेले. घामाला शिया झाडाच्या बियांच्या तेलाचा वास.

"हात लावलास, पोरी?"

"विटाळाच्या खोलीचा उंबराही ओलांडला नाही, आत्या."

"पुजारीबुवा, पेज कधी ओतलीत?"

"आज पहाटे. याच डोक्यावर, याच हातांनी."

"कधी आडवा केलात याला?"

"पूर्वजाला कोण आडवं करतं? जीभ झडेल तुझी!"

या मुलखात लाकूडही लोहारच कोरतो. गावातला एकुलता लोहार अमाकिरे गर्दीतच होता. यासेरे त्याच्याकडे वळली. "एवढ्यात मूर्ती कोरलीस?"

"एक. परगावासाठी म्हणाले."

"कोण म्हणाले?"

लोहार मागच्या मागे सरकू लागला.

"भावोजी, पेज आणा," यासेरे म्हणाली. "उभ्या मूर्तीवरची पेज हनुवटीकडे गळते. याचे ओघळ मागे पळालेत. याला उताणा निजवून माखलंय. आणि घाम? नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून काजळी कालवून चोळलेलं तेल, उन्हानं सुटलंय. खरा पूर्वज कुणीतरी चोरलाय."

"मग चोर कोण?" अतेमेनं डोकं खाजवलं.

"पहाटेच्या पेजेचा एक ओघळ तरी पुढे हवा होता ना? ती ओतलीच नाही. ओल लागली की सोंग धुऊन जाणार, हे ज्याला ठाऊक होतं, तोच भ्यायला. ओता!"

अतेमेनं ओतली. काळं कवच सुटलं. आतून हाडासारखं पांढरं लाकूड.

"यांनीच नेली माझ्याकडून," पुजाऱ्याकडे बोट करत लोहार पुटपुटला.

खरा पूर्वज पुजाऱ्याच्याच कणगीत सापडला, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी दडवलेला. बाजरीतून फक्त दोन हात वर आलेले, जित्या पुरलेल्या माणसाचे असावेत तसे. अतेमे किंचाळलाच.

म्हाताऱ्याला जागेवर उभा करून पेज ओतली. भेगाळलेल्या लाकडानं ती गटागटा पिऊन टाकली.

यापामाचं तान्हं रडू लागलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं.

यासेरेनं मावळतीकडे पाहिलं. "अंबाकाने, अजून उजेड आहे. तुझं माहेर किती लांब रे?"