वर बोललेलं

"वय चोरा, पगार फुगवून सांगा, पण वजन तरी खरं सांगत जा रे बाबांनो…"

हे मी स्वतःशीच पुटपुटत होते. पण पॅराग्लायडिंगच्या टँडम उड्डाणात स्वतःशी असं काही पुटपुटताच येत नाही. पॅसेंजर पुढे, पायलट मागे, दोघांचे पट्टे एकमेकांना अडकवलेले आणि माझी हनुवटी त्याच्या मानेपासून चार बोटांवर. पुढचं हेल्मेट जरासं हललं.

"अकरा किलो," हेल्मेट म्हणालं. "अकरा किलो कमी सांगितलं मी. सॉरी."

"हे आत्ता सांगताय? कड्यावर उभं राहून?"

"खाली कंपनीतल्या मुली होत्या हो."

मला हसू आलं. तेवढ्यात समोरून हवा तसा वारा आला, ग्लायडर डोक्यावर ताठ उभं राहिलं आणि मी ओरडले, "पळा! पळा, पळा, बसू नका!"

तो पळाला. पायाखालची जमीन संपली तरी पळतच होता. सगळ्यांचंच असं होतं, पण हा फार मनापासून पळत होता.

"थांबू का आता?"

"जमीन मघाशीच गेली, सर."

तेव्हा कुठे त्यानं खाली पाहिलं.

कामशेतच्या टेकड्यांवरून मी लोकांना उडवते. वडिवळ्याच्या शेतकऱ्याची पोर मी. शाळेत असताना आमच्या भाताच्या खाचरात पहिली रंगीत छत्री उतरली, तेव्हा गुरं सोडून मी तिच्यामागे धावले होते. पुढे त्याच छत्रीच्या मालकाकडून, बजरंगदादाकडून, उडायला शिकले. 'श्रीपतीची अनघा उडते' म्हणून गाव आधी हसलं, मग त्याला सवय झाली. तर सांगायचं म्हणजे, मी खूप पॅसेंजर पाहिलेत. ते किंचाळतात, गाणी म्हणतात, आईला हाका मारतात. हा मात्र बघत होता. खाली धरणाचं पाणी, इंद्रायणीची वळणं, कुणीतरी ओढून टाकून दिलेल्या नाडीसारखा एक्सप्रेस-वे…

"इतकं शांत असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं मला," तो म्हणाला. तेही कुजबुजत. झोपलेल्या माणसाच्या घरात शिरल्यासारखं.

आणि थोड्या वेळानं, "मी गेल्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं सगळ्यांना. खरं म्हणजे तिच्याशी बोलताना मला झोप यायची."

"बरं."

"हे मी कुणाला बोललो नव्हतो. तुम्हाला का सांगतोय?"

"सगळेच सांगतात. घाबरू नका, वर बोललेलं आम्ही खाली आणत नाही."

ही आमच्यातली रीतच आहे. पॅसेंजरला पायलटचं तोंड दिसत नाही, पायलटला पॅसेंजरचं. जमीन लांब असते. अशा वेळी माणसं काय काय बोलून जातात! बजरंगदादानं मला दोऱ्या ओढायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. खाली उतरलं की पट्टे सोडायचे, पाणी द्यायचं, हसून फोटो काढायचा. वर काही बोललंच गेलं नव्हतं असं वागायचं.

खाली उतरल्यावर मी पाणी दिलं. हेल्मेट निघालं. बरा होता दिसायला. जरा जास्तच बरा होता. नाव श्रीयश, तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी, सुट्टी गुरुवारी.

"येत्या गुरुवारी वारा असेल का?" त्यानं विचारलं.

"वाऱ्याला विचारून सांगते."

"त्याचा नंबर नाहीये माझ्याकडे. तुमचा चालेल."

तर असा तो आला. मग पुढच्या गुरुवारीही आला. दिवाळी होईतो 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि थंडी पडेतो आणखी बरंच काही. गुरुवारी लोणावळा रिकामा असतो. शनिवार-रविवारची गर्दी ओसरून गावानं पाय पसरलेले असतात. अशाच एका दुपारी, खोलीच्या खिडकीबाहेर दरीतलं धुकं आणि टेबलावर गार झालेली कांदाभजी असताना मी त्याला म्हटलं, "हे बघ, पाऊस लागला की आम्ही ग्लायडर गुंडाळतो. तेव्हाच हेही गुंडाळायचं."

"आणि ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरात नवे पॅसेंजर."

तो हसला. मीही हसले. दोघांनीही पुरेसं खरं वाटेल इतपत हसून घेतलं.

मला काही शहाणपण मिरवायचं नव्हतं. वर असताना कुणी आडनाव विचारत नाही आणि खाली उतरलं की दुसऱ्याच वाक्याला विचारतात, एवढं मी पाहिलं होतं. त्यापेक्षा तारीख आपणच ठरवलेली बरी.

मग जानेवारीत एका गुरुवारी वाराच पडला. पान हलेना. आम्ही टेकडीवर बसून राहिलो. बाकीचे पायलट कंटाळून खाली गेले. श्रीयश म्हणाला, "मला काही घाई नाही," आणि ग्लायडरच्या गाठोड्यावर डोकं टेकून झोपला. उघड्या तोंडानं, एका हातात माझ्या बुटाची लेस धरून. काहीच झालं नाही त्या दिवशी. पण मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या पोटात मोठ्ठी पोकळी पडली. कड्यावरून पाय सुटताना लोकांना जी पडते म्हणतात, ती. मला ती कधीच पडली नव्हती. इतकी वर्षं मी लोकांना म्हणत आले होते, 'त्यात काय घाबरायचं?' आणि आता सपाट दगडावर बसून, पाय जमिनीला टेकलेले असताना मी दगड घट्ट धरला.

त्या संध्याकाळी तो माझं गाठोडं खांद्यावर घेऊन वडिवळ्याला घरापर्यंत आला.

"ह्यो कोन?" आईनं विचारलं.

"पॅसेंजर आहे."

झालं. आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी लगेच गाऱ्हाणं मांडलं, "तुमी मानसं आमच्या खाचरात उतरता. बांध ढासळीवता, आन् वर हसता."

"मी नाही ढासळवणार, आबा. मी अलगद उतरतो."

"तू कुटं उतरतूस? तुला ती उतरीवती!"

सगळे हसले. मग तो घरात आला. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यानं तिकडे पाहिलं. आईनं त्याला पाहताना पाहिलं. मी आईला पाहताना पाहिलं. त्यानं हात जोडले, खाली बसला, चहाचा दुसरा कप मागून घेतला.

तो गेल्यावर आई भांडी घासत म्हणाली, "पॅसेंजर बरा हाय. आडनाव काय गं त्याचं?"

मी सांगितलं. आईनं तोच कप पुन्हा घासला.

मार्चमध्ये डोंगरउतारावर राब भाजायला लागतात. भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर आम्हाला वारा दाखवतो. त्या दिवशी धूर सरळ वर चढत होता. काळ्या, तापलेल्या जमिनीवरून हवा उठत होती आणि आम्ही गोल गोल फिरत तिच्यासोबत वर. उंची वाढली की पीप-पीप करणारं माझं यंत्र थांबायचं नावच घेईना.

"अनघा," पुढून आवाज आला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं.

आणि मी काय करावं? डावी दोरी ओढून असं गरकन वळण घेतलं की बिचाऱ्याच्या पोटातलं तोंडाशी आलं. "काय म्हणालास? वाऱ्यात ऐकू नाही आलं!"

"काही नाही," तो म्हणाला.

खाली उतरल्यावर तो पुन्हा म्हणेल म्हणून मी पट्टे हळूहळू सोडले. पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि काहीच बोलला नाही. का बोलेल? वर बोललेलं खाली आणायचं नाही, हे मीच नव्हतं का शिकवलं त्याला? तो माझ्या रीतीचा मान राखत होता. आणि मी, रीत शिकवणारी, त्यानं ती मोडायची वाट बघत होते. एप्रिल असाच गेला. गुरुवार येत होते, आम्ही हसत होतो, लोणावळ्याला जात होतो आणि प्रत्येक गुरुवारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांची एक रांग वाढत होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो आला तो आईला घेऊन.

"मी अरुंधती. याची आई. मला उडायचंय," तळेगावच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या त्या बाई म्हणाल्या. अंगात कोरा करकरीत पंजाबी ड्रेस, त्याच्या ओढणीची गाठ कमरेला मारलेली. श्रीयश माझी नजर चुकवत म्हणाला, "मी नाही सुचवलं. तीच मागे लागली."

त्याला खाली आमच्या खाचराकडे पाठवलं. काकूंना पट्टे बांधले. त्या पळाल्या मात्र छान, लेकापेक्षा छान.

"तुमच्यात वर बोललेलं खाली नेत नाहीत म्हणे?" जमीन सुटल्या सुटल्या त्यांनी विचारलं.

"नाही नेत, काकू."

"मग ऐक. आमच्या घरात तुझं नाव निघालं ना, की आम्ही सगळे भाजीतल्या मिठाबद्दल बोलायला लागतो. किती महिने झाले! आमच्या भाजीत मीठ अगदी बरोबर असतं अगं."

मी यंत्राकडे पाहिलं.

"मी वाईट बाई नाही. पण धीटही नाही. भावकीला काय सांगायचं, याच विचारात मी असते. आणि हा मुलगा! मी विचारलं, तू बोललास का तिच्याशी? तर म्हणतो, बोललो, तिनं ऐकलं नाही."

मी पुन्हा डावी दोरी ओढायला गेले, पण ओढली नाही.

"ऐकलंस ना तू?"

यंत्र पीप-पीप करायला लागलं. खालच्या काळ्या राबांवरून गरम हवा उठली होती. "काकू, डावीकडे बघा," मी म्हणाले.

एक घार आमच्या बरोबरीनं वर चढत होती. पंख न हलवता. इतकी जवळ की तिच्या शेपटीची पिसं वाऱ्यात थरथरताना दिसत होती. तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं, दोन बायका इथं काय करतायत अशा नजरेनं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. काकूंचा श्वास अडकल्याचं मला पट्ट्यांमधून कळलं. बराच वेळ आम्ही तिघी फिरत राहिलो. विसापूरचा माथा, कार्ल्याचा डोंगर, खाली चकाकणारं पाणी…

"माझं तळेगाव कुठं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो धुरकट पट्टा दिसतोय ना, तिकडे."

"तो? एवढाच?" त्या हसल्या, आणि मग त्यांचा आवाज जरा ओला झाला. "आमची भावकी अख्खी तिथंच राहते."

इतक्या वर्षांत पॅसेंजर बोलायचे आणि मी ऐकायचे. वर असताना मी स्वतःचं कधी काही बोलले नव्हते.

"ऐकलं होतं, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. बस.

खाली खाचरात आई-आबा राबाची ढेकळं फोडत होते. श्रीयश बांधावर उभा होता. मी नीटच उतरवत होते, पण शेवटच्या क्षणी काकू बसल्या आणि आम्ही दोघी राखेत घसरत गेलो. नवा ड्रेस काळा, माझं तोंड काळं. आई-आबा धावत आले. मी पट्ट्यांकडे हात नेला, तर काकूंनी माझा हात धरला.

"थांब. सोडू नकोस. सुटले की माझा धीर जाईल." मग मान वर करून आईकडे पाहिलं. "हिराताई ना तुम्ही? मी याची आई. आम्ही मराठा, तुम्ही बौद्ध. आमच्या घरात हे कुणी तोंडातून काढत नाही, म्हणून मी काढतेय. मला भीती वाटते. पण तुमची मुलगी मला हवी आहे."

आबांनी कुदळ खाली ठेवली. आईनं पदराला हात पुसले, पुसतच राहिली.

"आमालाबी भ्या वाटतंय ताई," ती म्हणाली. "तुमच्यापरीस लय. उद्या तुमच्या भावकीत कुनी माज्या पोरीला वंगाळ बोललं, तर तितं आमी नसनार."

"मी असेन," काकू म्हणाल्या.

आईनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, जसं ती बियाणं हातात घेऊन बघते.

"आन् ह्या दोगांचं काय?" आबा एकदम म्हणाले. "त्ये कुनी इचारलंय का? चार म्हैनं झालं, ह्यो पॅसेंजर आन् ही पायलट! काय हाय काय तुमचं?"

सगळ्यांनी श्रीयशकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. मग फक्त माझ्याकडे बघत म्हणाला, "खाली आणायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस. मी नाही आणलं, अनघा."

मला उठून त्याच्याकडे जायचं होतं. जाता येईना. पुढे त्याची आई बांधलेली, आणि ती काही सोडू देत नव्हती. माझ्या पोटात पुन्हा तीच पोकळी, खाली पक्की जमीन असताना. मग मी आहे तिथूनच, राखेनं माखलेली हनुवटी काकूंच्या खांद्यावर टेकवून, आई-आबांच्या देखत म्हणाले,

"मी मार्चमध्येच ऐकलं होतं, श्रीयश. सगळं ऐकलं होतं… माझंही तुझ्यावर प्रेम आहे."