ओट्यावरची खिडकी

"आडाला पाणी किती?" असं विचारणारी गिऱ्हाइकं आता उरली नव्हती. नवं राज्य झालं, कचेऱ्यांत बदल्यांची झुंबड उडाली, आणि मस्तगड मोहल्ल्यातल्या नव्या इमारतीत भाड्याची बिऱ्हाडं बघायला येणारे भलतंच विचारू लागले. नळ घरात आहे का? संडास स्वतंत्र की शेजाऱ्यासोबत? गाय कुठं बांधू, हे कुणी विचारीना! इमारतीचे मालक जगन्नाथराव, म्हणजे उमाचे नाना, यांनी कपाळाला हात लावला आणि जागा दाखवायचं काम लेकीवर सोपवलं. उमाला तेच हवं होतं. घर कसं मागतो यावरून माणूस ओळखायचा तिला नादच होता.

श्रावणातल्या एका दुपारी दारात नरहर उभा राहिला. तहसिलीतला नवा कारकून, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब.

"मंडळी कुठंयत?" जगन्नाथरावांनी विचारलं. एकट्या पुरुषाला ते जागा देत नसत.

"माहेरी गेल्यात," तो चटकन म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

उमाने वरचं घर दाखवलं. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बघून तो हरखला. "इथं कमी काय आहे?"

"खिडकी!" उमा बोलून गेली. "भाकरी थापताना रस्ता दिसला पाहिजे. नाना म्हणतात, बायकांची तोंडं रस्त्याला कशाला?"

पुढच्या खेपेला नरहर नानांना म्हणाला, "घरच्यांना ओट्यावर खिडकी पाहिजे." गिऱ्हाइकापुढं नाना नमले. मच्छिंद्र गवंडी भिंत फोडू लागला.

कोण असेल ही बाई, अगदी आपल्यासारखं मागणारी? उमाला चैन पडेना. तिने मुद्दाम तुळशीसाठी गॅलरीचा विषय काढला... आणि काय, लगेच 'घरच्यांना' गॅलरीत तुळस हवी झाली! उमाला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला. हो, चक्क हेवा.

शेवटी नाना म्हणाले, "दसऱ्याला मंडळींना आणा. त्यांनी दूध उतू घातलं, की मंग किल्ली."

नरहर पडेल चेहऱ्याने वर आला. उमाने विचारलंच, "त्यांना फूल कोणतं आवडतं हो?"

"तुम्हीच सांगा."

"मी कशी सांगू?"

"आतापर्यंत... तुम्हीच तर सांगून राह्यल्या." तो थांबला. "माझं लग्न झालेलं न्हाई. पहिल्यांदा जागेसाठी खोटं बोललो. मंग... जागेसाठी न्हाई."

मच्छिंद्रची छिन्नीसुद्धा थांबली.

"अबोली," उमा हळूच म्हणाली. "मला अबोली आवडते. पण आधी नानांना खरं सांगा. जागा गेली तरी."

तो खाली गेला. नानांचा आवाज चढला, "लबाडी? माझ्या घरात?" उमा जिन्याच्या तोंडाशी येऊन कान देऊन ऐकू लागली.

"एकट्याला जागा बिलकुल न्हाई!" नाना गरजले. मग जरा खालच्या आवाजात, "वडलांना घेऊन या. खिडकीचा हट्ट या घरात कोणाचा, मला ठाऊक न्हाई का?"

नरहर रस्त्यावर आला, मान वर करून बघत राहिला. अर्धवट फोडलेल्या भिंतीतून उमा त्याच्याकडे बघून हसली.

"मच्छिंद्रदादा," ती म्हणाली, "खिडकी जरा रुंद करा... दोघं उभी राहतील इतकी."