सोनियाचं पान

बसा. पंखा बंदच ठेवतो. त्याच्या घरघरीत प्रिंटर ऐकू येत नाही, आणि तो कधी आपणहून चालू होईल याचा हल्ली नेम नाही.

पुंडलिकनगरात माझं हे झेरॉक्सचं दुकान. इंटरनेटवरचं पान पीडीएफ करून द्यायचं, वर्डमध्ये काढून द्यायचं, हेच काम. कुणी निकाल आणतं, कुणी सातबारा. यात भिण्यासारखं काय आहे? मीही हेच म्हणायचो.

मे महिन्यातली दुपार होती. सोयगावहून चतुराबाई आल्या. सोनियाची आई. सोनिया म्हणजे समोरच्या तात्यासाहेबांची सून. वर्षापूर्वी त्यांच्याच अंगणातल्या हौदात बुडून गेली. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद. तिचं श्रद्धांजलीचं पान तात्यासाहेबांनी माझ्याकडूनच इंटरनेटवर टाकून घेतलं होतं. हौदाचं झाकण दोन माणसांशिवाय हलत नाही, आणि ती सापडली तेव्हा ते बंद होतं. सगळ्या गल्लीनं पाहिलं आणि गल्ली जेवायला गेली. माझ्या दुकानाचा गाळा तात्यासाहेबांचा. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

"भाऊ, सोनीचं ते पान कागदावर काढून द्या," चतुराबाई म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला फोटोजवळ ठेवते. मोबाइलातलं काय, आज हाय, उद्या नाय."

पान उघडलं. स्क्रीनवर शेवटची ओळ मी टाइप केली होती तशीच: हौदाजवळ सोनियाचा पाय घसरला. पीडीएफ केली, उघडून बघितली, आणि माझा हात माउसवरच थांबला.

हौदाजवळ सोनियाचा पाय घसरला नाय.

फॉन्टची गडबड असेल म्हटलं. रूपांतरात वेलांट्या उडतात, रफार भलतीकडे जातो, हे रोजचंच. पण मशीन अक्षर मोडतं, शब्द घालत नाही. आणि घातलाच तर 'नाही' घालेल. 'नाय' कुठून आणेल? तसं सोनिया बोलायची...

वर्डमध्ये काढलं. घसरला नाय. फोटो म्हणून काढलं. घसरला नाय. दुकानात वास सुटला होता, शेवाळाचा, कोंडलेल्या पाण्याचा. मी तो शब्द खोडला आणि प्रिंट दिली. कागद बाहेर आला तो ओलसर, आणि शब्द जागच्या जागी.

"काय लिवलंय, भाऊ?"

चतुराबाईंना वाचता येत नाही, या भरवशावर मी वाचलं, "हौदाजवळ सोनियाचा पाय घसरला."

त्यांनी कागद जवळ ओढला. बोट ओळीच्या शेवटी टेकलं.

"आन् ह्यो राहिला की... सोनी फोनवरून अक्षरं शिकवायची मला. न ला काना... य..."

"मशीनची चूक आहे, मावशी."

"मशीनची." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमाला काय बोलली व्हती का ती?"

"नाही."

त्या बाहेर पडल्या. एसटी स्टँडकडं वळल्या नाहीत. समोरच्या हौदाच्या झाकणावर जाऊन बसल्या.

मी खोटं बोललो. मरायच्या आदल्या दिवशी सोनिया इथंच आली होती, तुम्ही बसलाय तिथं. इंटरनेटवर भरलेली पोलीस तक्रार तिला पीडीएफ करून आईला पाठवायची होती. दोन मिनिटांचं काम. पण दारात तात्यासाहेब उभे होते. मी भ्यालो. म्हणालो, "सर्व्हर डाउन आहे. उद्या ये."

"व्हय, उद्या येते, दादा," म्हणाली.

आता रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की एक नवी फाइल दिसते. नाव 'उद्या येते'. उघडली तर पान कोरं. मी रोज पुसतो. तिच्यावरची तारीख मात्र कधीच आजची नसते. उद्याची असते.